प्राचीन मिसरचे सुतार आणि चितारी

प्राचीन मिसर देशाचे नाव निघाले की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे प्रथम दगड उभा राहतो : पिरॅमिडांचा, मंदिरांचा, मूर्तींचा. बडोदे व हैदराबाद येथील संग्रहालयांत मिसरी ममी आहेत. तेथे मुलांना नेले असता हे प्रेत इतकी शतके टिकले कसे, असे ती विचारतात. असे प्रेत ज्या पेटीत निजवीत ती पेटी कोणी घडविली, हा प्रश्न आम्हांस आजवर कोणी विचारलेला नाही. आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही तो मुलांपुढे कधी ठेवला नाही. ती उणीव अंशतः तरी भरून काढावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभीच हे ध्यानात घेतले पाहिजे की, मिसर हा लाकडाचा देश नव्हे. नाईलच्या काठी बाभूळ, झाऊ आणि उंबराच्या जातीचा एक वृक्ष, हीच मुख्य देशी संपत्ती. बाभळीचे लाकूड कठीण खरे, पण त्याचे तुकडे आखूड व वाकडे. लांब, सरळ फळी हवी असल्यास लेबॅननच्या डोंगरांतील देवदार समुद्रमार्गे आणावा लागे. स्नेफ्रू राजाच्या कारकीर्दीत, म्हणजे इ. स. पू. २६०० च्या सुमारास, अशा लाकडाने भरलेली चाळीस गलबते आल्याची नोंद प्राचीन राजवृत्तांत कोरलेली आहे. लाकडाची आवक ही राजाच्या पराक्रमांच्या पंक्तीस बसावी, यावरूनच त्याचे दुर्भिक्ष कळून येते.

हत्यारेही तशीच मोजकी. वाकस, करवत, पटाशी, मोगरी, सामता, गुण्या व ओळंबा, एवढ्यांवर सारा व्यवहार चाले. पाती तांब्याची, पुढे काशाची. लोखंड सार्वत्रिक झाले ते फार उशिरा. तांबे मऊ, म्हणून ठोकून ठोकून त्यास कठीणपणा आणीत. वाकसाचे पाते चामड्याच्या वाद्यांनी दांड्यास करकचून बांधलेले असे. करवतीचे दात मुठीकडे वळलेले असत. ती पुढे रेटली तर मऊ पाते वाकावयाचे, म्हणून ती ओढून कापीत. लाकूड एका उभ्या खांबास बांधून वरून खाली चिरावयाचे, अशी त्यांची रीत होती. १९२० साली मेकेत्रे नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात सुतारशाळेची एक लाकडी प्रतिकृती सापडली; तीत हे दृश्य जसेच्या तसे पाहावयास मिळते. रंधा त्यांस ठाऊक नव्हता. वाकसाने तासलेला पृष्ठभाग वालुकाश्माच्या तुकड्याने घासून घासून गुळगुळीत करीत.

लाकूड अपुरे आणि हत्यार मऊ. मग कौशल्य राहिले कोठे? ते जोडकामात होते. एका फळीस कुसू, दुसरीस तिच्या मापाची खाच, वर लाकडी खुंटी. खिळ्याचे काम फारसे पडतच नसे. सक्कारा येथे तिसऱ्या राजवंशाच्या काळातील एक पेटी मिळाली. तिच्या भिंती पातळ फळ्यांचे सहा थर एकावर एक बसवून केलेल्या आहेत. आजच्या प्लायवुडची कल्पना ती हीच! नाईलमधील होड्या आखूड फळ्या विटांप्रमाणे रचून बांधीत, असे हिरोडोटस लिहितो. आणि १९५४ साली खुफू राजाच्या पिरॅमिडाजवळ, खंदकात सुटी करून ठेवलेली जी देवदारी नौका निघाली, तिचे तुकडे १,२२४ भरले. सुमारे ४३ मीटर लांबीची ही नौका दोरांनी शिवून बांधलेली होती.

सुताराचे काम संपले की चिताऱ्याचे सुरू होई. हलक्या लाकडाचे सांधे व गाठी पांढऱ्या लेपाने बुजवून वर रंग चढवीत. कधी तर साध्या फळीवर उंची लाकडाच्या रेषा चितारीत. भिंतीवर चित्र काढावयाचे झाल्यास प्रथम तांबड्या रंगात बुडविलेले सूत ताणून चौकोन पाडीत. उभ्या मनुष्याची आकृती तळपायापासून केसांच्या कडेपर्यंत अठरा चौकोनांत बसवावयाची, असा दीर्घकाळचा दंडक होता. कच्ची रेषा तांबडी. तीवर काळ्या रेषेने दुरुस्ती होई. तांबडा व पिवळा रंग गेरूच्या जातीच्या मातीचा, काळा काजळीचा वा कोळशाचा. निळा मात्र वाळू, चुना, तांबे व क्षार एकत्र भाजून मुद्दाम सिद्ध केलेला.

या कलेचा एक नमुना विसरता येत नाही. १८६० साली सक्कारा येथे उंबरी लाकडाचा एक पुतळा मिळाला. मूळ का-आपेर नावाच्या अधिकाऱ्याचा. बाहू वेगळे घडवून बसविलेले, डोळ्यांत स्फटिक, भोवती तांब्याची कड. तो पाहताच खोदणारे मजूर उद्गारले की, हा तर आमच्या गावचा पाटील! तेव्हापासून तो ‘शेख अल्-बलद’, म्हणजे गावप्रमुख, याच नावाने प्रसिद्ध आहे. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या सुतारास याहून मोठी पावती ती कोणती द्यावयाची?

परंतु त्याच्या स्वतःच्या समाजाने त्यास काय दिले? मिसरच्या शाळांतून एक बोधपर लेख मुलांकडून पुनःपुन्हा गिरवून घेत. त्यात एक पिता मुलास शाळेत पोचविताना साऱ्या धंद्यांची निंदा करतो आणि लेखकाचा पेशा तेवढा श्रेष्ठ ठरवितो. वाकस चालविणारा शेतमजुराहूनही अधिक थकतो, असे तो मुलास बजावतो. चितारी निदान ‘आकृतींचा लेखक’ म्हणवून घेई. सुतारास तेवढाही मान नव्हता. गंमत अशी की, असे धडे चुनखडीच्या कपच्यांप्रमाणेच पांढरा लेप दिलेल्या लाकडी पाट्यांवरही लिहीत. ती पाटी सुताराच्याच हातची!

हे वाचताना आम्हांस आमचाच वर्ग आठवला. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलास ‘मग वाकस घेऊन बस’ असे आम्हीही रागाच्या भरात बोललो आहो. तो मुलगा खाली मान घालून ज्या बाकावर बसला, तो बाक कोणी घडविला याचा विचार त्या वेळी आमच्या मनास शिवला नाही. मिसरच्या त्या पंतोजींची चूक निदान आपण तरी यापुढे गिरवू नये.