खेळ छोटा, व्यापार मोठा

व्हिडिओ गेमच्या शौकिनांत दोन तट आहेत. संगणकावर तासन्‌तास अवघड गेम खेळणारे पक्के शौकीन मोबाईलवरील सोप्या खेळांना 'कॅज्युअल गेम' म्हणतात, तेही पुष्कळदा तुच्छतेने. त्यांच्या मते ज्यात कसब लागत नाही तो खेळच नव्हे. निव्वळ वेळ घालवणे.

बाजाराचा हिशेब मात्र वेगळा निघाला. २०१२ साली आलेला 'कँडी क्रश सागा' हा गोळ्या जुळवण्याचा खेळ फुकट मिळतो. बहुतेक लोक पैसे देतच नाहीत. थोडे लोक जादा डाव विकत घेतात आणि त्यावरच गल्ला भरतो. तो काढणारी 'किंग' कंपनी २०१६ साली ॲक्टिव्हिजन ब्लिझार्डने सुमारे ५.९ अब्ज डॉलरला घेतली. 'कॉल ऑफ ड्यूटी'सारखे पक्क्या शौकिनांचे गेम विकणारी ही कंपनी! लग्नाच्या बस्त्याची वाट पाहत ब्लाउजपीसच्या गिऱ्हाइकाला परत पाठवणाऱ्या दुकानदाराने यातून बोध घ्यावा.

परंतु फुकट मालाची किंमत कोठेतरी वसूल होतेच. आई-वडिलांच्या परवानगीविना मुलांनी मोबाईलवर केलेल्या अशा खरेदीबद्दल अमेरिकेत २०१४ साली ॲपल कंपनीला किमान ३.२५ कोटी डॉलर परत करण्याचे मान्य करावे लागले. गिऱ्हाइकाच्या रजामंदीशिवाय घेतलेला पैसा नफा नव्हे.

तेव्हा दुकानाच्या खात्याशी जोडलेला मोबाईल मुलांच्या हाती देऊ नये. द्यावाच लागला, तर खरेदीला पासवर्ड लावून द्यावा.