डॉक्टर कोण, ते नंतर ठरवू

8 सप्टेंबर 2025 ला जागतिक फिजिओथेरपी दिन झाला. विषय होता निरोगी वार्धक्य: म्हातारपणीचा अशक्तपणा आणि पडणं कसं टाळायचं. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं, फिजिओथेरपिस्टांनी नावाआधी ‘डॉ.’ लावू नये. तिसऱ्या दिवशी त्याच कार्यालयाने कळवलं की निवेदनं आली आहेत, विषय आणखी तपासावा लागेल. पुढचा गदारोळ सगळ्यांनी वाचला आहे. एका बाजूला फिजिकल मेडिसिनच्या डॉक्टरांची संघटना आणि 1916 चा वैद्यकीय पदव्यांचा कायदा, दुसऱ्या बाजूला फिजिओथेरपिस्टांना ‘डॉ.’ लावायची मुभा देणारा नव्या राष्ट्रीय आयोगाचा एप्रिलमधला अभ्यासक्रम. या झटापटीत म्हातारी माणसं बातमीतून बाहेर पडली, ती पुन्हा आत आलीच नाहीत.

मला पाटीवरच्या त्या अक्षरात फारसा रस नाही. फिजिओ घरात आल्यावर काय ठरतं आणि कोण ठरवतं, यात आहे. ते पाहायला जबलपूर चांगलं. गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची, मग खमरियाची ऑर्डनन्स फॅक्टरी, मग व्हेइकल फॅक्टरी, शिवाय रेल्वे आणि लष्कर. पेन्शनीवर जगणाऱ्यांची इथे पिढ्यांची वस्ती. त्यातच राइट टाऊन, नेपियर टाऊन, गोलबाजारातली मराठी घरं. मुलं पुण्याला, बेंगळुरूला नाहीतर त्याहून लांब. घरात दोघं किंवा एकट्या आजी, आणि संध्याकाळचा व्हिडिओ कॉल.

समजा, अशाच एका घरातल्या 82 वर्षांच्या आजी न्हाणीघरात घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, घरी आल्या. डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय: वॉकर, झेपेल तेवढा भार. मुलगा बेंगळुरूहून फोनवर सांगतो, “पुन्हा पडता कामा नये, एकटीला उठू देऊ नका.” सांभाळायला ठेवलेली बाई म्हणते, मला एकटीला उचलत नाहीत, डायपरच बरा. आणि आजींना माघातल्या नर्मदा जयंतीला ग्वारीघाटाच्या पायऱ्या उतरायच्या आहेत. फिजिओचे पैसे मुलगा पाठवतो. मग उपचार कोणाच्या मर्जीने चालतात, हे वेगळं सांगायला नको.

कायद्याचं म्हणणं मात्र निराळं आहे. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये निकाल दिला. रुग्ण प्रौढ, तात्पुरती भुलेखाली. डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन मोठी शस्त्रक्रिया उरकली. न्यायालय म्हणालं, जिवावरचा प्रसंग नव्हता, रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकत होती, तेव्हा आईची संमती ही संमतीच नव्हे. तो निकाल शस्त्रक्रियेचा, पण त्यामागचं तत्त्व व्यायामाच्या खाटेशी येऊन थांबावं असं काही कारण मला दिसत नाही. पूर्ण भानावर असलेल्या आजींनी चालायचं की नाही आणि कितपत धोका पत्करायचा, हे बेंगळुरूहून ठरायला नको. आपल्याकडे ते तसंच ठरतं, आणि त्याला आपण काळजी म्हणतो.

अर्थात आजींची प्रत्येक ‘नको’ शिरसावंद्य मानायची, असंही नाही. खरं कसब इथे लागतं. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर म्हाताऱ्या माणसांना काही दिवस भ्रम होणं नेहमीचं आहे. सकाळी ओळख देतात, रात्री दाराशी कोणी उभं आहे म्हणतात. अशा वेळची ‘नको’ उद्या पुन्हा विचारायची असते. कधी ‘नको’मागे दुखणं असतं, व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास वेदनाशामक गोळी दिली की तीच आजी उभी राहते. कधी मागच्या पडण्याची धास्ती असते, कधी आजोबा गेल्यापासूनचं नैराश्य. कधी परक्या पुरुषाने मांडीला हात लावलेला नको असतो, आणि ते बोलून कोण दाखवणार? हे सगळं चाचपून पाहिल्यावरही उरते ती खरी ‘नको’. तिच्यापुढे मात्र हात जोडावेत. वीस मिनिटांच्या भेटीतली पंधरा मशीन लावून ठेवण्यात घालवणाऱ्याला हे कधी कळणार?

मशीनबद्दल बोलायलाच हवं. म्हाताऱ्यांची फिजिओथेरपी म्हणजे आपल्या डोक्यात शेक, जबलपूरकडे सिकाई. करंट, अल्ट्रासाउंड, गरम पट्टा, दहा सिटिंगचं पॅकेज. आजींना बरं वाटतं, घरच्यांना काहीतरी चाललंय असं वाटतं, फिजिओला घाम येत नाही. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्याच संघटनेने 2014 मध्ये आपल्या सभासदांसाठी ‘हे करू नका’ अशी यादी काढली. त्यात असे शेक प्रत्यक्ष व्यायामाला मदत म्हणून लागत असतील तेव्हाच द्या, असं सांगितलं. आणि दुसरी गोष्ट याहून झोंबणारी होती: वृद्धांना बळ वाढवण्याचा व्यायाम कमी मात्रेत देऊ नका.

कमी मात्रा हा नैतिक गुन्हा आहे, असं मला ठामपणे वाटतं. प्रतिजैविकाच्या पाच दिवसांऐवजी एक दिवसाच्या गोळ्या दिल्या तर आपण डॉक्टरला धारेवर धरू. 82 वर्षांच्या बाईला ‘घोटे हलवा, मूठ उघडझाप करा’ एवढंच महिनाभर करायला लावणाऱ्याला आपण ‘किती हळुवार हात आहे’ म्हणतो.

इथे संशोधक मारिया फियातारोने यांचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1990 मध्ये त्यांचा नि सहकाऱ्यांचा एक छोटासा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आला. बॉस्टनच्या एका वृद्ध-शुश्रूषागृहातली दहा दुबळी माणसं, वय नव्वदीच्या आसपास. त्यांच्याकडून फियातारोनेंनी मांडीच्या स्नायूंचा वजनाचा व्यायाम करून घेतला, तोही लुटुपुटूचा नाही: एका वेळी जास्तीत जास्त जेवढं वजन उचलता येईल त्याच्या 80 टक्के. आठ आठवडे. नऊ जणांनी तो पुरा केला. त्यांचं बळ सरासरी 174 टक्क्यांनी वाढलं, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झालं. मांडीचा स्नायू 9 टक्क्यांनी भरला. एका पावलापुढे दुसरं टेकवत सरळ रेषेत चालण्याचा वेग 48 टक्क्यांनी वाढला. मग चार आठवडे व्यायाम बंद ठेवला, तर बळात 32 टक्क्यांची घट. दहा माणसांवरचा प्रयोग, त्यावर किती भिस्त ठेवायची, हा प्रश्न रास्त. म्हणून 1994 मध्ये त्यांनी तो शंभर जणांवर केला, सरासरी वय 87. तिथेही व्यायाम करणाऱ्यांचं बळ दुपटीच्या वर गेलं. त्यात आणखी एक गोष्ट निघाली, जी आपल्या घराघरांतल्या प्रोटीन पावडरच्या डब्यांवर चिकटवायला हवी: व्यायामाशिवाय नुसत्या पोषक पेयाने दुबळेपणा हटला नाही.

पहिल्या प्रयोगाला आता पस्तीस वर्षं उलटून गेली. तरी खाटेशेजारी एक किलोचा सँडबॅग दिसला की नातेवाईक दचकतात.

धोका आहेच. ठिसूळ हाडं, उभं राहताच उतरणारा रक्तदाब, झोपेची गोळी, हृदय. म्हणून तर मात्रा ठरवायला शिकलेलं माणूस लागतं. आणि इथे महासंचालनालयाच्या त्या पत्रातलं एक वाक्य, ज्याच्याकडे ‘डॉ.’च्या भांडणात फारसं कोणी पाहिलं नाही, वजनदार ठरतं: फिजिओथेरपिस्ट आजाराचं निदान करायला शिकलेले नसतात, चुकीच्या उपचाराने काही आजार बिघडू शकतात, म्हणून त्यांनी पाठवलेल्या रुग्णांवरच उपचार करावेत. यातला पूर्वार्ध हसण्यावारी नेऊ नये. शस्त्रक्रियेनंतर पोटरी सुजली, दुखली आणि तिथे रक्ताची गुठळी असली, तर मालिश जिवावर बेतू शकते. आजींची ‘पाठ धरली’ म्हणजे मणका चेपलेला असू शकतो किंवा मणक्याचा क्षय. पण उत्तरार्ध वाचून प्रश्न पडतो, पाठवणार कोण? गल्लीतली माणसं गुडघे धरून थेट फिजिओकडेच जातात. म्हणजे कधी थांबायचं आणि कोणाकडे पाठवायचं, हे त्यालाच पक्कं यायला हवं. पदवीची भांडणं करणाऱ्या दोन्ही बाजूंना मी याच एका परीक्षेला बसवीन.

आपल्याकडे आणखी एक गोची आहे, जमिनीवर बसण्याची. गुडघा बदलला की सर्जन सांगतो, मांडी घालू नका, खाली बसू नका. योग्यच. पण ज्यांचा गुडघा बदललेला नाही, त्यांनाही आपण धाकाने खुर्चीत बसवतो. ब्राझीलच्या क्लॉडिओ अराऊजो यांनी 51 ते 80 वयाच्या 2002 माणसांना जमिनीवर बसायला आणि हात न टेकता उठायला सांगितलं, गुण दिले आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना कमी गुण, त्यांच्यात मृत्यू जास्त. हा अभ्यास 2012 चा. बसल्या-उठल्याने आयुष्य वाढतं असा त्याचा अर्थ काढू नये, पण पूजेला पाटावर बसायचा आजींचा हट्ट निव्वळ हट्ट नसतो, एवढं नक्की. फिजिओने सोडवायचं गणित तेच असायला हवं: घाटाच्या पायऱ्या, पाट, संडास. ‘गुडघा 110 अंशांत वाकतो’ हे त्याच्या वहीत राहू दे.

आणि थांबायचं कधी? पक्षाघातानंतर पाच-सहा महिन्यांनी सुधारणेचा वेग मंदावतो. काही फिजिओ आशेची फोडणी देत सिटिंग वाढवतात, तर काही ‘आता फरक पडणार नाही’ म्हणून हात झटकतात. दोन्ही वाईट. ग्लेंडा जिम्मो नावाच्या अमेरिकी वृद्धेच्या नावाने तिथल्या सरकारवर दावा चालला, कारण सुधारणेची शक्यता नाही म्हणून तिथल्या मेडिकेअर विम्यात उपचारांचे पैसे नाकारले जात होते. जानेवारी 2013 मध्ये न्यायालयाने तडजोड मंजूर केली: आहे ती स्थिती टिकवायला किंवा घसरण लांबवायला कुशल हातांची गरज असेल, तर तेही उपचारच, त्याचेही पैसे द्यावे लागतील.

आपल्याकडे सत्तरीपुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं. त्यात खुब्याची शस्त्रक्रिया बसते आणि घरी आल्यावर पंधरा दिवसांचा खर्च. त्या मुदतीत आजी जेमतेम वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत पोचलेल्या असतात. हाड जुळायला साधारण तीन महिने लागतात, मांडीत बळ यायला त्याहून जास्त, आणि ग्वारीघाट त्याच्याही पुढे. तिथपर्यंतचा एकेक दिवस खिशातून जातो, म्हणजे पुन्हा मुलाच्या खिशातून, आणि निर्णय फिरून बेंगळुरूला पोचतो.