बँकांच्या संगणकांची समान परिभाषा

मोठ्या बँकेत बचत खाती, कर्जे, परकीय चलन, ग्राहकांची ओळखपडताळणी यांसाठी स्वतंत्र संगणकप्रणाली असतात. एकीत जो 'खातेदार', तो दुसरीत 'ग्राहक' आणि तिसरीत 'पक्षकार'. अशा दहा प्रणाली परस्परांशी थेट जोडायच्या तर ९० एकमार्गी दुभाषे लागतात. सर्वांनी मध्ये एक समान परिभाषा मानली, तर २० पुरतात. 'सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर', म्हणजे सेवाभिमुख रचना, बरीचशी याच हिशेबावर उभी आहे. 'पैसे पाठवा' ही सेवा एकदाच लिहून सर्वांनी वापरावी, हे ठीक. पण पैसे पाठवणारा कोण, याचा अर्थ सर्वत्र एकच असल्याखेरीज ते घडत नाही.

ही परिभाषा बँकेने घरीच घडवावी की उद्योगाची तयार घ्यावी? वित्तक्षेत्रात २००४ साली प्रथम प्रसिद्ध झालेले 'आयएसओ २००२२' हे मानक अशी तयार परिभाषा पुरवते. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१३ मध्ये सुरू केलेली नवी आरटीजीएस यंत्रणा याच मानकावर उभारली गेली. 'स्विफ्ट'च्या जाळ्यावर सीमापार देयकांचे जुने व नवे संदेश मार्च २०२३ पासून एकत्र नांदत होते. ती मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली.

फरक पत्त्यावरून ध्यानात येतो. जुन्या 'एमटी १०३' संदेशात नाव-पत्ता मिळून ३५ अक्षरांच्या चार ओळी. त्यात 'सदाशिव पेठ, पुणे ३०' लिहिले की ३० हा पोस्टाचा विभाग की घर क्रमांक, हे पुणेकरच जाणे! निर्बंधांची यादी तपासणाऱ्या संगणकाला तर रस्त्याच्या नावातला 'क्यूबा' आणि क्यूबा देश सारखाच भासू शकतो. नव्या मानकात रस्ता, इमारत, शहर, पिनकोड, देश यांना स्वतंत्र रकाने आहेत. मात्र बँकेच्या स्वतःच्या नोंदीतच पत्ता सलग लिहिलेला असेल, तर ते भरायचे कशातून? म्हणून देयकांपासून सुरू झालेले काम ग्राहकनोंदीच्या सेवेपर्यंत पोचते आणि आराखड्यात तिला अग्रक्रम द्यावा लागतो.

येथे एक मोह टाळावा. मानकातील देयकसंदेश संस्थांमधील देवाणघेवाणीसाठी आहेत. बँकेचा आतला सगळा कारभार त्यांत मावत नाही. शिवाय आवृत्त्या बदलतात, प्रत्येक देयक यंत्रणेचे वापराचे नियमही निराळे. तोच साचा प्रत्येक सेवेत कोंबला, तर बाहेरच्या प्रत्येक फेरबदलाबरोबर आतले सारे उपसावे लागते. त्यापेक्षा मानकातील संज्ञा व त्यांचे अर्थ आत घ्यावेत आणि संदेशाचा साचा वेशीवरच्या रूपांतरकापाशी थांबवावा. अर्थात, 'लाभार्थी' म्हणजे नेमका कोण, हे कर्ज विभागाने ठरवायचे की देयक विभागाने, हा वाद संगणक तज्ज्ञांना मिटवता येत नाही. त्यासाठी दोन्ही विभागप्रमुखांना एका मेजाशी बसवावे लागते.