काटकसरीत बालपण कोमेजत नाही

घरात लहान मूल आलं की खर्चाचे सल्ले चहूबाजूंनी येतात. पाळण्यावर लावायची गाणारी खेळणी, डबाबंद आहार, अडीच वर्षांचं होताच फीची नर्सरी, सुट्टीत रिसॉर्ट. डहाणूत, मसोलीत राहून रोज डहाणू रोडहून लोकल पकडणाऱ्या आईबापांना ही यादी पुरी करायला जास्तीचं काम करावं लागतं, आणि मग मुलाबरोबर घालवायची संध्याकाळ त्यातच जाते. या यादीतल्या बऱ्याच गोष्टी गैरसमजातून आलेल्या आहेत. त्यातले सहा इथे तपासून पाहू.

गैरसमज १ : काटकसर म्हणजे मुलाचं मन मारणं.

वस्तुस्थिती : काटकसर आणि गरिबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरची अनेक कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला बाहेर पडतात, मुलंही बरोबर जातात. त्या मुलांना पोटभर अन्न, औषध आणि शाळा मिळायला हवी. त्यांच्या आईबापांना काटकसरीचे धडे देणं अन्यायाचं ठरेल. काटकसर ही ज्याच्या हातात चार पैसे आहेत त्याने केलेली निवड असते : कुठे खर्चायचं आणि कुठे नाही, हे आधी ठरवणं. तीन वर्षांच्या मुलाला वस्तूची किंमत कळत नाही. आपल्याबरोबर कोण खेळतं, आपलं कोण ऐकतं, हे मात्र त्याला नेमकं कळतं.

गैरसमज २ : खेळणी जितकी जास्त आणि महाग, तितकं मूल हुशार.

वस्तुस्थिती : याचं उत्तर याच तालुक्यात मिळालेलं आहे. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरी पद्धतीची तयार साधनं गावाला परवडणारी नव्हती. म्हणून शंखशिंपले, खडे, बिया, पानं, फुलं अशा भोवतालच्या वस्तूंतून त्यांनी साधनं घडवली. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढल्या. या कामाची दखल देशाने घेतली : ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री.

अलीकडचं संशोधनही याच दिशेने जातं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. खेळणी कमी होती तेव्हा मुलं एकेका खेळण्यात जास्त वेळ रमली आणि त्याच्याशी अधिक वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळली.

म्हणून घरातली निम्मी खेळणी उचलून ठेवा आणि काही आठवड्यांनी अदलाबदल करा. पातेली, झाकणं, नारळाच्या करवंट्या, रिकामे खोके ही उत्तम साधनं आहेत. एक सावधगिरी मात्र अटळ आहे. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात चिंचोके, मणी, बारीक शिंपले, नाणी देऊ नका, कारण ती घशात अडकतात. खेळणं विकत घेतलंच, तर त्यावर आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून भारतात ते बंधनकारक आहे.

गैरसमज ३ : मोबाइल हा फुकटातला विरंगुळा आहे.

वस्तुस्थिती : घरात फोन असतोच, म्हणून तो स्वस्त वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलेलं प्रमाण असं : दोन वर्षांच्या आत पडदा नको, दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही कमी असेल तितका बरा. एक ते चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, आणि तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप. पडद्यापुढे गेलेला वेळ या दोन्हींतून कापला जातो.

बोलक्या, दिवे लागणाऱ्या खेळण्यांचंही तसंच आहे. १० ते १६ महिन्यांच्या २६ बाळांवर झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं, की असं खेळणं चालू असताना आईवडील बाळाशी कमी बोलतात आणि पुस्तक हाती असताना सर्वांत जास्त. मुलाची भाषा वाढते ती या बोलण्यातून. भाजी निवडताना तिची नावं सांगणं, रात्री गोष्ट सांगणं याला पैसा लागत नाही.

गैरसमज ४ : डब्यातला महाग आहार घरच्या खाण्यापेक्षा पौष्टिक.

वस्तुस्थिती : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, त्यानंतर घरचा मऊ वरचा आहार आणि दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही स्तनपान, ही सर्वमान्य शिफारस आहे. डब्यातल्या शिशुआहाराची जाहिरात करायला भारतात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती याच कारणासाठी. काही बाळांना वैद्यकीय कारणाने वरचं दूध लागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आपल्या भागात नागली मुबलक पिकते. १०० ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. ती भिजवून, मोड आणून, वाळवून दळली की पचायला हलकी होते आणि तिच्यातली खनिजं अंगी लागतात. तिची खीर, मऊ वरणभात, अंडं, काटे काढलेली ताजी मासळी, कुस्करलेलं केळं एवढ्यात बाळाचं ताट भरतं. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तो दारात पिकतो आणि डब्यातल्या गोड फळरसापेक्षा कितीतरी चांगला. बिया तेवढ्या नीट काढा. दोन वर्षांखालच्या बाळाला साखर घातलेली पेयं देऊच नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

गैरसमज ५ : जे फुकट ते हलकं.

वस्तुस्थिती : एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या अंगणवाडीत सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांना पूरक आहार, वजन-उंचीची नोंद आणि शाळापूर्व शिक्षण मिळतं. डहाणू आणि तलासरी आदिवासी क्षेत्रात येत असल्याने इथे अमृत आहार योजनेत मुलांना अंडी किंवा केळीही दिली जातात. सरकारी दवाखान्यात नियमित लसीकरण मोफत आहे आणि त्या लशी तितक्याच खऱ्या असतात. सेवेत उणीव दिसली तर पालकांनी ती मागून घ्यावी. पाठ फिरवली तर ज्या मुलांना दुसरा पर्यायच नाही, त्यांचंच नुकसान होतं. पहिलीचं वय सहा वर्षं आहे. त्याआधी अक्षरं गिरवून घेण्यासाठी मोठी फी भरण्याची गरज नाही.

गैरसमज ६ : मौज करायची तर पैसा ओतावा लागतो.

वस्तुस्थिती : मसोलीहून समुद्र लांब नाही. ओहोटीला डहाणूचा किनारा दूरवर उघडा पडतो आणि ओल्या वाळूत खेकड्यांची बिळं, शिंपले, पक्ष्यांच्या पावलांचे ठसे सापडतात. मुलासाठी याहून मोठं खेळघर कोणतं? जाण्याआधी भरती-ओहोटीची वेळ पाहा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण मोठं असतं, आणि पावसाळ्यात पाण्यात उतरायचंच नाही.

घरातही भरपूर आहे. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रं काढणारे वारली याच मातीतले. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. एका पुठ्ठ्याला गेरू लावून वाटीभर पिठाच्या पाण्यात काडी बुडवली, की मुलाची दुपार रंगते. बाहेर पडायचं तर चैत्र पौर्णिमेपासून भरणारी विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा आहे. एसटी आणि रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, त्यामुळे नुसता गाडीचा प्रवासही सहल होतो.

मग हात आखडू नये ते कुठे?

काही खर्च वाचवायचे नसतात. ताप, जुलाब, श्वास लागणं यात वेळ घालवू नका. ओआरएसची पुडी घरात असू द्या. मोटारसायकलवर नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट आणि मोठ्यांशी बांधून ठेवणारा पट्टा लागतो, वेगही ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा, असा केंद्राचा नियम आहे. हेल्मेट घ्या, मापाचंच घ्या. दूध, अंडी, डाळ आणि चित्रांची चार चांगली पुस्तकं यांतही कसर नको. उलट भावंडांचे धुतलेले जुने सुती कपडे, आजीच्या लुगड्याची गोधडी, शेजाऱ्यांकडून आलेला पाळणा निःसंकोच वापरा.

मूल वाढवायला पैसा लागतो, पण आपल्याला वाटतो तितका नाही, आणि वाटतो तिथे तर नाहीच. पुढच्या वेळी मुलासाठी काही विकत घेताना एवढंच विचारा : या खर्चाने आमचा एकत्र वेळ वाढेल की ते पैसे कमावण्यात तो कमी होईल? कमी होणार असेल, तर ते पैसे ठेवून द्या आणि मुलाला घेऊन बाहेर पडा.