जातीवाचक टोमणा आणि भाषणस्वातंत्र्य

१९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सर्व जातींची मुलं एका वसतिगृहात आणली. आज साताऱ्यात काय, सांगलीत काय, मुलं एकत्र राहतात. पण ‘तू कोट्यातला ना?’ हा टोमणा काही संपलेला नाही. तो नियमानं रोखावा का?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) मध्ये भाषणस्वातंत्र्याच्या मर्यादा आहेत. त्यांत अब्रुनुकसानी आहे, चिथावणी आहे, नुसता ‘अपमान’ नाही. १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा जातीवाचक अपमान गुन्हा ठरवतो, पण तो लोकांसमक्ष झाला तर. मग बंद खोलीत रोज टोचलं तर? तिथं विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे समता-नियम लागतात. जातीवरून छळ करायला त्यांत मनाई आहे.

भेद नीट करू या. ‘आरक्षण नको’ हे मत आहे. त्याला युक्तिवादानं उत्तर द्या. ‘तुझी लायकी नाही’ यात खोडून काढण्याजोगं काही नसतंच. ऐकणारा वर्गात हात वर करेनासा होतो. म्हणजे एकाच्या बोलण्यानं दुसऱ्याचं बोलणं बंद पडतं. म्हणून मर्यादा हवी, तीही स्वातंत्र्यासाठीच.

मात्र नियम लेखी हवा, दोन्ही बाजू ऐकायला हव्यात. सगळं प्राचार्यांच्या मर्जीवर सोडलं, तर उद्या तक्रार करणाऱ्यालाच ‘वातावरण बिघडवतोस’ म्हणून गप्प बसवतील.