कॅप्टन जेकबचे २४४ जोडतारे

नरक चतुर्दशीला अभ्यंगस्नान उरकून पहाटे पाचच्या सुमारास परभणीत गच्चीवर गेलात, तर पुनर्वसूचे दोन ठळक तारे जवळपास डोक्यावर आलेले असतात. त्यांतला उत्तरेकडचा, जरासा मंद, तो कॅस्टर. नुसत्या डोळ्यांना तो एकच दिसतो. लहानशा टेलिस्कोपमधून पाहिला की दोन होतात. जोडताऱ्यांचा विषय निघाला की आपली गाडी वसिष्ठ-अरुंधतीवर थांबते, पण या शास्त्राच्या इतिहासात मानाचे पान कॅस्टरचे आहे.

टेलिस्कोप आल्यावर जोड्या सापडू लागल्याच होत्या. १६१७ मध्ये गॅलिलिओचा शिष्य कास्तेल्ली याला खुद्द वसिष्ठच दुहेरी असल्याचे दिसले. अरुंधती त्याहून वेगळी. पण बहुतेकांचा समज असा, की एक तारा जवळ, दुसरा त्याच रेषेत खूप लांब, आणि जोडी नुसती दिसण्यापुरती. १७६७ मध्ये इंग्लंडच्या जॉन मिचेलने संभाव्यतेचे गणित मांडून सांगितले, की इतक्या जोड्या योगायोगाने जमणे शक्य नाही. विल्यम हर्शेल १७७९ पासून जोड्या गोळा करत होता, तो मात्र वेगळ्याच हेतूने. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, तेव्हा जोडीतला जवळचा तारा वर्षभरात किंचित सरकलेला दिसेल आणि त्यावरून त्याचे अंतर काढता येईल, असा त्याचा बेत होता. अंतर काही हाती लागले नाही. पण पंचवीसेक वर्षांनी जुनी मापे नव्यांशी ताडली, तेव्हा कॅस्टरचे दोन तारे एकमेकांभोवती फिरताना सापडले. १८०३ मध्ये त्याने हे जाहीर केले. करायला गेला गणपती नि झाला मारुती. फक्त हा मारुती त्या गणपतीहून मोठा निघाला. न्यूटनचे गुरुत्वाकर्षण सूर्यमालेच्या बाहेरही चालते याची ती पहिली चाहूल होती. १८२७ मध्ये फ्रान्सच्या सावारीने सप्तर्षींच्या भागातल्या एका जोडीची लंबवर्तुळाकार कक्षा गणिताने काढली.

ही सगळी मंडळी युरोपातली, आणि तिथून दक्षिणेचे बरेचसे आकाश दिसतच नाही. नरतुरंगातला मित्र हा तारा लंडनला कधी उगवतच नाही. परभणीहून तो उन्हाळ्यात दक्षिण क्षितिजापासून जेमतेम १० अंश वर येतो. तो दुहेरी असल्याचे प्रथम लक्षात आले तेही भारतातूनच: डिसेंबर १६८९ मध्ये पाँडिचेरीला रिशो नावाचा जेझुइट पाद्री धूमकेतू पाहत होता, तेव्हा.

मराठी मुलखात या कामाला हात घातला तो कॅप्टन विल्यम स्टीफन जेकबने. जन्म १८१३चा, बॉम्बे इंजिनिअर्समधला अधिकारी, १८३१ मध्ये मुंबईत उतरलेला. काही वर्षे त्याने त्रिकोणमितीय सर्वेक्षणात काढली आणि १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची वेधशाळा उभारली. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि पुण्यात पेशवाई पाहिलेली माणसे अजून हयात होती. जेकबजवळ डॉलंडचा पाच फुटी टेलिस्कोप होता. त्यावर त्याने २४४ जोडताऱ्यांची यादी केली, ती लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीला सादर केली आणि मित्रसह काही जोड्यांच्या कक्षाही काढल्या. अनुराधा नक्षत्राजवळच्या न्यू वृश्चिक या जोडीतला मंद तारा स्वतःच दुहेरी आहे, हे त्याला १८४७ मध्ये दिसले. आज तिथे निदान सात तारे मोजले जातात.

सर्वेक्षणातला माणूस जोडताऱ्यांकडे वळला याचे मला नवल वाटत नाही. जमिनीवर काय नि आभाळात काय, काम कोन मोजण्याचेच. टेलिस्कोपच्या नेत्रिकेत कोळ्याच्या जाळ्याचे दोन बारीक तंतू ताणलेले असतात, एक पक्का आणि दुसरा स्क्रूने सरकणारा. एका ताऱ्यावर एक तंतू, दुसऱ्यावर दुसरा, असे आणून स्क्रूच्या चकतीवरचा आकडा वाचायचा, की दोघांतले अंतर मिळते. मग सगळी चौकट फिरवून जोडीची रेषा उत्तरेशी किती अंश करते ते टिपायचे. काम एवढेच, पण मापे विकलांतली. दहा रुपयांचे नाणे साडेपाच किलोमीटरवरून जेवढे दिसेल, तेवढी एक विकला. त्यात हवेमुळे तारा थरथरतो, म्हणून तेच माप पुन्हा पुन्हा घ्यायचे, आणि पुढच्या वर्षी परत. फिरणे उघड व्हायला कधी दशके जातात, कधी शतके.

एवढा खटाटोप कशासाठी? तारा तोलायचा तर याहून सरळ वाट नाही. जोडीचे एकमेकांपासूनचे खरे अंतर आणि एका फेरीला लागणारा काळ कळला, की केप्लरच्या नियमाने दोघांचे मिळून वस्तुमान निघते. मित्रच्या जोडीला फेरीला सुमारे ८० वर्षे लागतात आणि तिचे वस्तुमान साधारण दोन सूर्यांइतके भरते.

डिसेंबर १८४८ मध्ये जेकब मद्रास वेधशाळेचा संचालक झाला. तिथून त्याने १८५५ मध्ये भुजंगधारीतल्या ७० क्रमांकाच्या जोडीबद्दल एक धाडसी विधान केले: तिच्या फिरण्यात जी गडबड दिसते, ती बहुधा एखाद्या न दिसणाऱ्या ग्रहामुळे असावी. तो ग्रह पुढे टिकला नाही. तरीही परग्रहांचा शोध कसा घ्यायचा ती दिशा त्यात होती, आणि ताऱ्याच्या डगमगण्यावरून ग्रह ओळखण्याची आजची पद्धत त्याच कुळातली आहे.

प्रकृती ढासळल्याने त्याने मद्रास सोडले, पण पुणे त्याच्या डोक्यातून गेले नव्हते. पुण्याजवळ पाच हजार फूट उंचीवर वेधशाळा उभारायची त्याची योजना मान्य झाली आणि १८६२ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने तिला एक हजार पौंड दिले. नऊ इंची टेलिस्कोप त्याने स्वखर्चाने घेतला. ८ ऑगस्टला तो मुंबईत उतरला, पुण्याला पोचला आणि १६ ऑगस्टला वारला. वय ४८.

पुण्यातल्या त्याच्या वेधांनंतर मित्रची जोडी दोन फेऱ्या पुऱ्या करून तिसरीत आहे. २०१६च्या सुमारास हे दोन तारे ४ विकलांपर्यंत जवळ आले होते. त्यानंतर ते लांब होत चालले आहेत, त्यामुळे येत्या काही उन्हाळ्यांत लहान टेलिस्कोपमधूनही सुटे दिसावेत. मेअखेरीस रात्री दहाच्या आसपास पाहावे. गावातले दिवे पाठीमागे राहतील आणि दक्षिणेचे क्षितिज झाडा-इमारतींवाचून मोकळे असेल अशी जागा धरावी, आणि हे सगळे मृगाचे ढग यायच्या आत.