शर्यत फसल्यानंतर : धावपटूचा विषाद आणि पुढील आव्हानाची निवड

जानेवारीचा तिसरा रविवार उलटला की मुंबई, ठाणे, पुणे या परिसरातील आपल्या चिकित्सालयांत एक ठरावीक रुग्णवर्ग दिसू लागतो. वय पस्तीस ते पंचावन्न, व्यवसाय बैठा, अंगकाठी बरी आणि चालण्यात किंचित लंगडेपण. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली तेव्हा ४२.१९५ किलोमीटर धावणारा गृहस्थ हा शेजाऱ्यांच्या कुतूहलाचा विषय होता. आज बहुतेक मोठ्या गृहसंकुलांत असे दोन-चार जण सापडतात. यांपैकी जो मनाजोगत्या वेळेत पोहोचला तो आपल्याकडे सहसा येत नाही. येतो तो, ज्याचे पाय तिसाव्या किलोमीटरनंतर थांबले आणि उरलेले अंतर ज्याने चालत, कण्हत काढले. तक्रार गुडघ्याची वा पोटरीची सांगितली जाते. थोडे बोलते केले की मात्र कळते, दुखणे दुसरीकडेच आहे. आठ-आठ महिने पहाटे चारला उठून केलेली तयारी, घरच्यांनी त्यापायी सोसलेली गैरसोय, कार्यालयातल्या मंडळींना आधीच सांगून ठेवलेली वेळ. आणि शेवटी चार तासांचे साडेपाच तास. मग जाता जाता एक वाक्य हमखास येते : “डॉक्टर, पुढच्या महिन्यात दुसरी शर्यत आहे, नाव नोंदवून टाकलंय. तोवर शक्तीचं काहीतरी द्या.”

प्रस्तुत लेख या एका वाक्याविषयी आहे. गुडघ्याची चिकित्सा आपणां सर्वांस अवगत आहे. परंतु विषादाच्या भरात निवडलेली पुढची शर्यत हीच पुष्कळदा पहिल्या शर्यतीपेक्षा अधिक अपाय करते, आणि तिच्यासंबंधी रुग्णाला विचारणारे बहुधा कोणी नसते. तो प्रशिक्षकाला भीत असतो, घरच्यांना टाळत असतो आणि मित्रमंडळींसमोर हसत असतो. त्यामुळे हे काम वैद्याकडे, आणि त्याहीआधी औषधालयाच्या काउंटरवर बसलेल्या आपल्या व्यवसायबंधूंकडे येते.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. आपल्या शास्त्राने व्यायाम अर्धशक्तीने करावयास सांगितला आहे. कपाळ, नाक, काखा येथे घाम आला, तोंड कोरडे पडू लागले, श्वास तोंडावाटे घ्यावा लागला की थांबावे, ही मर्यादा विद्यार्थिदशेतच आपण शिकतो. या मापाने पाहता मॅरेथॉन हा उघड उघड अतिव्यायाम आहे. तिला शास्त्राचा पाठिंबा आहे असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. चरकाचार्यांनी अग्र्य भावांच्या गणनेत, आपल्या बलाचा विचार न करता केलेल्या आरंभास प्राणाला बाधक गोष्टींत अग्रस्थान दिले आहे. मात्र एवढे सांगून “हे सोडून द्या” असे म्हणणारा वैद्य तो रुग्ण गमावतो. तो रुग्ण दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी आकर्षक डब्यातील चूर्ण विकत घेतो आणि धावतच राहतो. म्हणून निषेधापेक्षा नियमन बरे, असे आमचे मत आहे.

अशा रुग्णाची प्रश्नपरीक्षा कशी करावी? आम्हांस या कामी चरकाच्या निदानस्थानातील शोषप्रकरण उपयोगी पडत आले आहे. साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन ही शोषाची चार आयतने तेथे सांगितली आहेत. प्रत्येक दमलेल्या धावपटूला शोष झाला आहे असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही. परंतु बळ नेमके कोणत्या वाटेने गेले हे शोधण्यासाठी याहून सुटसुटीत चौकट आमच्या पाहण्यात नाही, आणि आश्चर्य असे की फसलेल्या बहुतेक शर्यतींचे कारण या चौकटीत बसते.

साहस सर्वांत जास्त आढळते. पहिले दहा किलोमीटर गर्दीच्या उत्साहात, ठरविलेल्यापेक्षा वेगाने धावले जातात. स्नायू व यकृत यांत साठविलेल्या ग्लायकोजेनचे भांडवल मर्यादित असते. वेग जितका अधिक तितका त्याचा खर्च अधिक. साधारण तीस-बत्तीस किलोमीटरच्या सुमारास ते संपत आले की पाय शिशाचे होतात. धावपटू आपसांत याला ‘वॉल लागली’ असे म्हणतात. मुंबईच्या शर्यतीत अनेक वर्षे याच टप्प्यानंतर पेडर रोडचा चढ येत असे, आणि वर दमट हवा. ज्याची शर्यत अशी फसली, त्याचे बळ कमी नव्हते, खर्च चुकला होता. हा फरक रुग्णाला समजावून दिला की त्याच्या चेहऱ्यावरचा अर्धा भार उतरलेला दिसतो.

संधारणाविषयी रुग्ण आपणहून सांगत नाही, विचारावे लागते. शर्यतीच्या सकाळी शौचालयासमोर लांब रांग असते. मलमूत्राचा वेग धरून माणूस धावू लागतो. त्याआधीच्या रात्री चिंतेने झोप नसते, म्हणजे निद्रेचाही वेग मोडलेला. पुढे पंधराव्या किलोमीटरला पोटात मुरडा येतो तेव्हा दोष केळ्याला दिला जातो. स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक संकोचाचा असतो, म्हणून त्यांना तो अधिक सावकाश विचारावा.

क्षयाचा प्रश्न मात्र घाईने उरकू नये. पावसाळ्यात डेंग्यू वा चिकुनगुन्या होऊन गेला होता काय, वजन उतरविण्यासाठी आहार तोडला होता काय, रजःस्राव अधिक होतो काय किंवा अलीकडे बंद झाला आहे काय, घरात एखादा मृत्यू घडला आहे काय, हे सारे पाहावे. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड व बी-१२ यांच्या चाचण्या करवून घेण्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पांडूचा रुग्ण मनोबलाच्या अभावी हरला असे स्वतःस दूषण देत बसतो, हे आम्ही एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. विषमाशनाचे स्वरूप तर सर्वज्ञात आहे : तयारीत कधी न खाल्लेले पदार्थ नेमके त्या दिवशी खाणे, किंवा आठवडाभर भात-बटाट्याचा मारा करून अग्नी मंद करून घेणे. तहान नसताना सतत पाणी पीत राहिल्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, हेही येथे नोंदवावे. पाणी जितके अधिक तितके चांगले हा समज धावपटूंत अजून टिकून आहे.

आता विषादाकडे वळू. रोग वाढविणाऱ्या भावांत चरकाने विषादाला अग्रणी मानले आहे, आणि त्याच गणनेत श्रम हरण करणाऱ्यांत स्नानाला. हे दोन्ही उल्लेख एकमेकांच्या इतके निकट यावेत हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. पहिले दोन-तीन आठवडे धावणे बंद, चालणे चालू. तिळाच्या तेलाचा मृदू अभ्यंग, कोमट पाण्याचे स्नान, साठेसाळीचा भात, दूध-तूप आणि श्रमहर गणातील द्राक्षे, खजूर, डाळिंब, ऊस यांची योजना. एवढ्याने बहुतेकांची झोप परत येते. मधुमेही रुग्णात अर्थातच यांपैकी गोड द्रव्ये तारतम्याने द्यावीत. झोप परतल्याखेरीज पुढील शर्यतीविषयी कोणताही निर्णय घ्यावयाचा नाही, एवढे वचन आम्ही रुग्णाकडून घेतो.

थोर धावपटूही हरतात, हे सांगून काहींचे समाधान होते, काहींचे होत नाही. केनियाचा एलियुद किपचोगे हा २०१३ पासून एकही मॅरेथॉन हरलेला नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये लंडनच्या थंड, पावसाळी हवेत तो आठवा आला. कान बंद झाल्याचे त्याने सांगितले आणि तो घरी गेला. पुढच्या महिन्यात तो कोठेही धावला नाही. सहा महिन्यांनी, एप्रिल २०२१ मध्ये, नेदरलँड्समधील एन्सखेडे येथे एका लहानशा शर्यतीत उतरून तो जिंकला आणि ऑगस्टमध्ये साप्पोरो येथे त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक राखले. आमच्या लेखी महत्त्वाचे आहे ते मधले सहा महिने आणि मधली लहान शर्यत.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे व ते पराभवाचे नाही, निवडीचे आहे. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग वर्षे विजय मिळविला. नंतर त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेस हा अगदीच वेगळा प्रकार निवडला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या या प्रकाराच्या अंतिम फेरीत पोहोचल्या व दहाव्या आल्या. बेचाळीस किलोमीटर धावणाऱ्याने तीन किलोमीटरकडे वळणे ही पीछेहाट नव्हे, हे आपल्या रुग्णाला पटवून देण्यास याहून चांगला दाखला आम्हांस माहीत नाही.

कारण आपला विषादग्रस्त रुग्ण नेमके उलट करतो. मुंबई फसली म्हणून तो दक्षिण आफ्रिकेतील कॉम्रेड्सचा विचार करू लागतो. दर्बान व पीटरमारित्झबर्ग यांमधील ही जवळजवळ नव्वद किलोमीटरची शर्यत १९२१ पासून चालू आहे आणि अलीकडच्या वर्षांत तेथे भारतीयांची संख्या लक्षणीय असते. मोठ्या शर्यतीने लहान शर्यतीचा डाग धुऊन काढण्याचा हा प्रयत्न होय. कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज काढावे तसा.

निवड चौकटीतील कारणानुसार करावी. साहसाने हरलेल्यास दहा किलोमीटर वा अर्धमॅरेथॉन द्यावी, आणि तिचे ध्येय वेळेचे न ठेवता वेगाच्या संयमाचे ठेवावे : उत्तरार्ध पूर्वार्धापेक्षा संथ होऊ नये, इतकेच. संधारण वा विषमाशन हे कारण असेल तर अंतर बदलण्याची गरजच नाही; पुढील जानेवारीत तीच शर्यत, परंतु दीर्घ सरावाच्या प्रत्येक दिवशी आहार-निद्रा-विसर्ग यांची तालीम करून. क्षयी रुग्णाला मात्र धातुपोषण दिसेपर्यंत कोणतीही तारीख देऊ नये, तो कितीही गयावया करो.

ऋतूचा विचार तर आपणच सांगावयाचा. हेमंत-शिशिरात बल उत्तम असते आणि मुंबईची शर्यत नेमकी त्या काळात येते. तेथे हरलेला मनुष्य एप्रिल-मेमधील लांब शर्यत निवडतो तेव्हा आधीच रिते झालेले शरीर तो ग्रीष्माच्या स्वाधीन करतो. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत अल्प व सौम्य धावणे, त्यापुढे अंतर हळूहळू वाढविणे, हा क्रम ठेवावा. हितकर सवय लावताना चरकाने सांगितलेला पादांशिक क्रम येथे तंतोतंत लागू पडतो. २०१२ पासून होत असलेली साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन अनेकांना खुणावते. यवतेश्वरच्या घाटातून जाणारी ही शर्यत पावसाळ्याच्या उत्तरार्धात येते, म्हणजे शास्त्रदृष्ट्या बल मध्यमाहून कमी असताना. तरीही हवा थंड, अंतर अर्धे आणि चढामुळे वेग आपोआप आवरलेला, म्हणून साहसी प्रकृतीच्या रुग्णाला ती आम्ही सुचवितो. उतारावर मात्र गुडघे सांभाळावेत. गुडघेदुखी अजून असणाऱ्यास ती नको. कोठलीही शर्यत नको, मित्राला सोबत म्हणून धावायचे आहे, असे कोणी म्हणाला तर त्याला आडवू नये.

औषधालयाच्या मालकांसाठी काही गोष्टी विस्ताराने लिहिणे भाग आहे. शर्यतीनंतरच्या आठवड्यात चहासारखी गडद लघवी, एकाच पोटरीला सूज व ऊब, नडगीच्या हाडावर बोटाने दाखविता येईल अशी एकाच जागी वेदना, किंवा धावताना छातीत दाब, यांपैकी काहीही ऐकू आले तर गुग्गुळकल्पाची डबी देऊन ग्राहकाला वाटेला लावू नये. पहिल्यात वृक्कांना, दुसऱ्यात शिरेतील गुठळीमुळे जिवाला धोका संभवतो, आणि सुजलेल्या पोटरीला मर्दन करणे तर घातकच. तिसऱ्यात अस्थीला सूक्ष्म भंग असू शकतो. तो सुरुवातीच्या क्ष-किरण चित्रात दिसेलच असे नाही. छातीच्या तक्रारीस त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे. शर्यतीच्या दिवशी वेदनाशामक गोळ्या घेण्याची सवयही विचारून घ्यावी. शरीरातील पाणी कमी झालेले असताना त्या वृक्कांवर अधिक ताण आणतात.

याहून कमी चर्चिला गेलेला विषय उत्तेजकांचा. हौशी धावपटूची चाचणी क्वचितच होते. परंतु जिल्हा-राज्य पातळीवर खेळणारी मुले-मुली आपल्याच दुकानांत येतात. कुचल्यातील स्ट्रिक्नीन हे स्पर्धाकाळात निषिद्ध द्रव्य आहे. विषतिंदुक वटी, अग्नितुंडी वटी यांसारख्या कल्पांत कुचला असतो. जातीफलादी चूर्णात भांग आहे आणि भांगेतील घटकही स्पर्धाकाळात निषिद्ध आहेत. धावपटूच्या अतिसारावर हे चूर्ण सहज सुचविले जाते, म्हणून हा धोका विशेष. सोमलतेतील एफेड्रिन ठरावीक मर्यादेपलीकडे आढळल्यास दोषी ठरते. हिगेनामीन हे द्रव्य २०१७ पासून निषिद्ध यादीत नावानिशी आहे व ते गुळवेलीच्या जातभाईत, टिनोस्पोरा क्रिस्पात, सापडते. गुळवेल म्हणून ही वेल पुरवली जात नाही ना, याची खात्री पुरवठादाराकडून करून घ्यावी. शास्त्रोक्त औषध होते ही सबब चाचणीनंतर चालत नाही. आपल्या नमुन्यात काय सापडले याचे उत्तरदायित्व खेळाडूवर असते. म्हणून धावपटू म्हटला की दोन प्रश्न विचारावेत, स्पर्धेत खेळता काय आणि पुढील स्पर्धा कधी, आणि उत्तर पावतीच्या मागे लिहून ठेवावे. वैद्यांनीही रुग्णपत्रिकेवर प्रकृती व नाडी यांच्याखाली पुढील शर्यतीची तारीख लिहिण्याचा प्रघात पाडावा. ती तारीख बदलली की औषधयोजना पुन्हा तपासावी लागते.